अंतराळातून मत, फडातून नाही

(राष्ट्रीय मतदार दिनी, २५ जानेवारी २०२५ रोजी, महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

ज्या बाया आज कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर पार कर्नाटकात कोपीवर आहेत, ज्यांना पोरं हे बोलणं मोबाईलवर पाठवतील आणि ज्या ते रात्री भाकरी थापताना ऐकतील, खरं तर आजचं बोलणं त्यांच्यासाठीच आहे.

या केंद्रावरून कुणा पक्षाचा प्रचार होत नाही. आम्हीही करणार नाही. जे बोलू ते आमच्या गटाच्या बैठकीत बोललो तेच.

बैठकीत विषय निघाला अमेरिकेचा. हसू नका. हप्ते गोळा करायला बसलो होतो आणि बोलणं गेलं ट्रम्पवर. गेल्या सोमवारी, २० जानेवारीला त्यांनी शपथ घेतली, ते सगळ्या पोरांच्या मोबाईलवर होतं. एक जण म्हणाली, आपल्याला काय करायचंय? दुसरी म्हणाली, करायचंय कसं नाही, सोयाबीनचा भाव जगाच्या बाजारावर हलतो आणि अमेरिका सोयाबीन पिकवण्यात फार मोठी आहे. यंदा हमीभाव ४८९२ रुपये असून आपलं सोयाबीन बाजारात कितीला गेलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग तिकडं कोण बसतो याची थोडी तरी चौकशी नको?

पण आम्हाला बोलायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सुनीता विल्यम्स तुम्हाला माहीत आहे. वडील गुजरातचे, ती अमेरिकेची नागरिक. गेल्या जूनमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून अंतराळात गेली, यानात बिघाड झाला, आणि अजून ती वरच आहे. अमेरिकेचं मतदान ५ नोव्हेंबरला होतं. त्याआधी सप्टेंबरमध्ये वरूनच वार्ताहरांशी बोलताना तिला मतदानाचं विचारलं, तर ती म्हणाली की आपण इथूनच मत देणार. तशी सोय आहे. टेक्सास राज्यानं १९९७ साली तसा कायदाच केलाय. मतपत्रिका संगणकावरून वर जाते, तिथं भरली जाते आणि बंद कुलपातली चिठ्ठी यावी तशी खाली येते. जमिनीपासून चारशे किलोमीटर वर आहे ते अंतराळ स्थानक.

हे आम्ही कौतुकानं एकमेकींना सांगत होतो. तिथं एक पोरगी बसली होती, नववीतली, आजीबरोबर आलेली. ती म्हणाली, "मग माझ्या आईला कोल्हापुरातनं का नाही देता आलं?"

कुणाला उत्तर सुचलं नाही. आमच्यातल्या कुणाचा भाऊ, कुणाची भावजय, कुणाची सून आणि लेक फडात आहे. आपल्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखांना होती. गाळप १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं, असं सरकारच्या बैठकीत सप्टेंबरमध्येच ठरलेलं. म्हणजे उचल घेतलेली, ट्रॅक्टर दारात उभा, मुकादमाची घाई, आणि मतदान पाच दिवसांनी. काही टोळ्या मत देऊन निघाल्या. बऱ्याच आधीच गेल्या, कर्नाटकातल्या तर गेल्याच. हा प्रश्न ऊसतोड कामगारांच्या संघटनेनं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत नेला होता. म्हणजे कुणाच्या ध्यानात आलं नाही, असंही म्हणायची सोय नाही.

आता अमेरिकेच्या तारखेची गंमत ऐका. तिथं मतदान कायम नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होतं. मंगळवारच का? हा कायदा १८४५ सालचा. तेव्हा तिकडं बहुतेक माणसं शेतकरी होती. नोव्हेंबरात सुगी आटोपलेली असायची आणि थंडीनं रस्ते अजून बंद झालेले नसायचे. मतदानाला घोडागाडीनं तालुक्याच्या गावी जायचं तर एक दिवस वाटेत जायचा. रविवारी चर्च, म्हणून रविवारी निघता येईना. बुधवारी बऱ्याच ठिकाणी आठवडी बाजार. मग सोमवारी निघा, मंगळवारी मत द्या, बुधवारी बाजाराला हजर. सगळा हिशेब शेतकऱ्याच्या गाडीचा, बैलाघोड्याचा आणि बाजाराचा.

आता तिथं घोडागाडी राहिली नाही. मंगळवारी कामाला जाणाऱ्या बाईची उलट अडचण होते, सुट्टी नसते, रांगा लांब असतात, म्हणून तीही माणसं तारखेला नावं ठेवतात. तरी आम्हाला एक गोष्ट पटली. १८४५ साली कुणीतरी बसून विचार केला की मत देणारा माणूस कुठून येणार, किती वेळात येणार, आणि त्याचं काम बुडेल का. आमच्या तारखा ठरवताना सण बघतात, परीक्षा बघतात, पाऊस बघतात, आणि ते बघायलाच पाहिजे. कोयता कोण बघतं?

कोयता म्हणजे काय ते शहरातल्या ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेबात बाई वेगळी नाही, अर्धा कोयता. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला असं धरा. मताला गावाकडं यायचं म्हणजे तीनशे-साडेतीनशे किलोमीटर, यायला एक दिवस, जायला एक दिवस. दोघांचं दोन दिवसांचं काम बुडालं, म्हणजे चौदाशे-पंधराशे रुपये तिथंच गेले. दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. मुकादमानं खाडा धरला तर तो वेगळा. लेकरू बरोबर असेल तर त्याचं वेगळं. दोन मतांना तीन हजारांच्या पुढं खर्च. कायदा म्हणतो, मतदानाच्या दिवशी रोजंदारीवरच्या माणसालाही भरपगारी सुट्टी द्यायची. कायदा चांगला आहे. पण टनावर काम करणारीला सुट्टीचा पगार कोण मोजून देतो? आणि एका दिवसाच्या सुट्टीत शिरोळहून धारूरला येऊन परत जाऊन दाखवा.

मग माणसं येतात कशी? येतात, सगळ्यांना माहीत आहे. गाडी येते. रात्री फडावर जीप नाहीतर टेम्पो उभा राहतो, चहा-नाश्ता होतो, गावात आणून सोडतात, मत झालं की परत नेऊन घालतात. ही गाडी कोण पाठवतं, ते आम्ही इथून सांगायची गरज नाही. उमेदवारानं किंवा त्याच्या माणसानं मतदारांना फुकट गाडीनं नेणं-आणणं कायद्यात भ्रष्ट आचारात मोडतं. हे किती जणींना ठाऊक होतं? आमच्यातल्या चौघींना नव्हतं.

यावर आमच्या गटात भांडण झालं, खरंखुरं. एक म्हणाली, त्या गाडीत बसायचंच नाही. दुसरी म्हणाली, तुझं बरंय, तू गावात राहतीस. गाडी नसती तर माझी सून मताला येऊच शकली नसती, मग तिनं मत द्यायचंच नाही का? दोघींचंही खरं होतं. शेवटी आम्ही इतक्यावर आलो की गाडीत बसणारीला दोष द्यायचा नाही. जिनं बसावं लागेल अशी वेळ आणली त्या व्यवस्थेला द्यायचा. पण गाडीत बसल्यावर एक मात्र ध्यानात ठेवायचं: गाडी केंद्राच्या दारापर्यंत येते, आत येत नाही.

आत कुणीच येत नाही. नवरा नाही, मुकादम नाही, सासरा नाही. बाईच्या आयुष्यात अशा जागा किती असतात, सांगा बरं?

अमेरिकेतही हाच विषय निघाला होता. मतदानाच्या थोडं आधी तिथं एक जाहिरात आली, ज्युलिया रॉबर्ट्स नावाच्या मोठ्या नटीच्या आवाजात. त्यात सांगितलं होतं की बाईनं कुणाला मत दिलं हे नवऱ्याला कळायची काही गरज नाही, कळतही नाही. त्यावर तिथल्या काही पुरुषांनी केवढा गहजब केला! बायका नवऱ्याशी खोटं बोलायला शिकतील म्हणे. हे ऐकून आमच्यातली एक म्हातारी इतकी हसली की डोळ्याला पाणी आलं. म्हणाली, मी इंदिराबाईच्या वेळेपासून हेच करतीय.

पैशाचंही तेच. पाकीट फक्त आपल्याकडं येतं असं समजू नका. गेल्या ऑक्टोबरात तिकडं इलॉन मस्क या जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसानं काही राज्यांतल्या नोंदणी झालेल्या मतदारांसाठी योजना काढली. एका अर्जावर सही करा, त्यातून रोज एकाला दहा लाख डॉलर. कोर्टकचेरी झाली, तरी वाटप चाललं. आणि २०२० मध्ये कोरोनात सरकारनं लोकांना मदतीचे चेक पाठवले, माणशी १२०० डॉलरपर्यंत, तर त्या चेकवर ट्रम्प यांचं नाव छापलेलं होतं. पैसे सरकारी तिजोरीतले, नाव एकाचं.

आता तुम्ही मनात पंधराशे रुपये आणले असतील. आणलेच पाहिजेत. ते पैसे आमच्याही खात्यात येतात, आम्ही घेतो, आणि त्यातून शाळेची वही, औषध, गॅस भागतो. आमचं म्हणणं इतकंच की योजना कुणाच्याही राज्यातली असो, पैसे कुणाच्या घरचे नसतात. काडीपेटीपासून पेट्रोलपर्यंत आपण कर भरतो. तेव्हा "ताई, पैसे मिळाले ना, मग ध्यानात ठेवा" असं कुणी दारात येऊन म्हटलं तर "आमचे आम्हाला मिळाले" म्हणायला हरकत नाही. आवडली योजना तर खुशाल मत द्या. उपकार म्हणून देऊ नका.

मोजणीबद्दल अमेरिकेचं आम्हाला काही नीट पटलं नाही. तिथं सगळ्या देशात ज्याला जास्त मतं तो जिंकतो असं नाही. राज्याराज्याचे मिळून ५३८ प्रतिनिधी, त्यांतले २७० ज्याला मिळतील तो अध्यक्ष. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं जादा पडली आणि तरी त्या हरल्या. गेल्या नोव्हेंबरात कमला हॅरिस हरल्या, त्यांना मात्र मतंही कमीच होती. आजवर तिथं एकही बाई अध्यक्ष झाली नाही. आपल्याकडं १९६६ साली बाई पंतप्रधान झाली. बीडच्या केशरकाकू क्षीरसागर १९८० पासून तीनदा लोकसभेवर गेल्या. त्यानंतरही या जिल्ह्यानं बायांना दिल्लीला पाठवलंय. (गावात मात्र सरपंच बाई आणि खुर्चीवर तिचा नवरा, हे आहेच. त्यावर एक वेगळा कार्यक्रम करू.)

एका मतानं काय होतं, असं ज्या म्हणतात त्यांच्यासाठी दोन आकडे. २००० साली अमेरिकेचा अध्यक्ष कोण, हे फ्लोरिडा राज्यातल्या ५३७ मतांवर ठरलं. साठ लाखांच्या आसपास मतांत ५३७. आणि लांब कशाला जायचं? गेल्या जूनमध्ये आपल्या बीड लोकसभेचा निकाल लागला, फरक ६,५५३ मतांचा. त्या मतदानावेळी, मे महिन्यात, टोळ्या गावात होत्या. नोव्हेंबरात नव्हत्या. आपल्या एका तालुक्यातून किती कोयते जातात, तो हिशेब तुम्हीच घाला.

तिथल्या बायांना मताचा हक्क १९२० साली मिळाला. त्याची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. टेनेसी नावाच्या राज्याच्या विधानसभेत अटीतटीचं मतदान होतं. हॅरी बर्न नावाचा २४ वर्षांचा तरुण आमदार विरोधकांचं लाल गुलाबाचं फूल छातीला लावून बसला होता. पण खिशात आईची चिठ्ठी होती. बायांच्या बाजूनं मत दे, असं आईनं लिहिलं होतं. त्याचं नाव पुकारल्यावर त्यानं आईचं ऐकलं. आईला स्वतःला मत नव्हतं, तिनं पोराचं मत वळवलं. तरीही काळ्या बायांना दक्षिणेकडच्या राज्यांत पुढं पंचेचाळीस वर्षं, १९६५ चा कायदा होईपर्यंत, नाना खोड्या काढून अडवलंच. लिहिता-वाचता येतं का याची परीक्षा घ्यायचे.

आपल्याकडं अशी परीक्षा कधीच घेतली नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत, बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. वाचता येत नसलं तरी चित्र कळतं. पण दुसरीच अडचण निघाली. देशभरात सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, इतकंच लिहून दिलं. त्यात जास्त नावं उत्तरेकडच्या राज्यांतली होती, आपल्याकडची नव्हती. पण आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. नाव घ्यायचं म्हणजे उखाण्यात, आणि तेही नवऱ्याचं.

आज आपलं नाव सांगतो, तरी यादीत नसतं. माहेरच्या यादीत असतं, सासरच्या नसतं. आमच्या गावात एकीचं आडनाव चुकलेलं, तर एकीला कागदावर चक्क मयत केलेलं. तिला मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता कळलं की आपण मेलो! त्या दिवशी काहीच करता येत नाही. म्हणून हे काम आता करायचं, निवडणूक नसताना. पहिल्यांदा नाव घालायचं असेल तर अर्ज क्रमांक ६. पत्ता बदलला, लग्न होऊन आलात, नावात चूक आहे, तर अर्ज क्रमांक ८. गावच्या बीएलओकडं मिळतो, बऱ्याच ठिकाणी त्या आपल्या अंगणवाडीच्या ताई नाहीतर शाळेचे गुरुजीच असतात. पोरगी अठराची व्हायची वाट बघू नका, सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज देता येतो. काही अडलं तर फोन नंबर १९५०. लक्षात राहायला सोपा आहे, निवडणूक आयोग स्थापन झाला तेच साल, १९५०, तारीख आजचीच. केंद्रावर जाऊन तुमचं मत आधीच कुणी देऊन गेलं असं दिसलं, तर रडत परत येऊ नका. तुम्हीच तुम्ही आहात हे कागदानं पटलं तर टेंडर मत मागायचा हक्क आहे. आणि घरी आलेली चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे. मतदार कार्ड नसेल तर आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं.

फडातल्या बायांचं काय, हा पोरीचा प्रश्न मात्र अर्जानं सुटत नाही. ८५ च्या पुढच्या म्हाताऱ्यांना घरून मत देता येतं, अपंगांना देता येतं, सैन्यातल्यांना टपालानं देता येतं, निवडणुकीच्या ड्युटीवरच्या गुरुजींना देता येतं. पोटासाठी परगावी गेलेल्याला नाही. आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये एक यंत्र पुढं आणलं होतं, एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांची मतं घेणारं, खास स्थलांतरितांसाठी. जानेवारी २०२३ मध्ये ते दाखवायला सगळ्या पक्षांना बोलावलं. बऱ्याच पक्षांनी शंका काढल्या आणि गाडं तिथंच अडलं.

शंका आम्हालाही आहेत. कारखान्याच्या गावात केंद्र ठेवलं आणि दारात मुकादम उभा राहिला तर? ज्याची उचल फिटायची आहे त्याच्यासमोर कोण मोकळेपणानं आत जाईल? पण शंका आहे म्हणून बायांनी दर पाच वर्षांनी कुणाच्या तरी टेम्पोची वाट बघायची का? तारीख तरी गाळपाच्या मागंपुढं करता येते. त्याला यंत्र लागत नाही.

आपल्या जिल्हा परिषदेवर २०२२ पासून प्रशासक आहे. निवडणूक कधीतरी लागेलच. ती पुन्हा नोव्हेंबर ते मार्चमध्ये लागली तर पुन्हा तेच होणार.

म्हणून आमच्या गटानं एक केलंय. उद्या २६ जानेवारी, ग्रामसभा आहे. तिच्यापुढं मांडायला एक ठराव लिहिलाय: गावातले जे मतदार तोडणीला जातात त्यांची नावं घेऊन ग्रामपंचायतीनं यादी करावी, ती तहसीलला आणि निवडणूक कार्यालयाला पाठवावी, आणि मतदानाची तारीख गाळपाच्या हंगामात धरू नये, धरलीच तर कामाच्या ठिकाणी मताची सोय करावी. चार ओळींचाच आहे. तुमच्या गावात लिहायला कुणी नसेल तर केंद्रावर फोन करा, आम्ही वाचून दाखवू, तुम्ही उतरून घ्या.

गेल्या तीन दिवसांत आम्ही फडावरच्या बायांना फोन लावले. रात्री आठनंतरच लागतात. प्रत्येकीला विचारलं, तुझं नाव ठरावात घालू का? एकीनं विचारलं, मालकाचं नाव अगोदर घालावं लागेल का? नाही म्हटल्यावर तिनं स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, मग म्हणाली, थांबा, सासूचं पण घ्या, ती इथंच आहे. आतापर्यंत ४१ नावं झालीत. झेंडावंदन झालं की सभा दहा वाजता आहे. नावं वाचायचं काम त्या नववीतल्या पोरीकडं दिलंय.